वेळ, विद्या आणि आरोग्य : मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

१

मुंबईच्या कापड-गिरण्यांचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग भांडवलाचे व यंत्रांचे, दुसरे वेतनाचे व संपांचे. मॉरिस डी. मॉरिस यांचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि राजनारायण चंदावरकर यांचा १९९४ सालचा ग्रंथ यांनी कामगारभरती, जॉबरची सत्ता, वस्त्यांचे जीवन इत्यादी विषयांवर पुष्कळ प्रकाश टाकला आहे. तथापि एक साधा प्रश्न स्वतंत्रपणे क्वचितच विचारला जातो. दिवसाचे बारा-तेरा तास यंत्रापाशी उभा राहणारा मनुष्य आपले काम शिकला कोठे, आणि ते काम करीत असता त्याने आपले शरीर राखले कसे?

हे वरवर पाहता दोन प्रश्न आहेत, आणि शासनाच्या दप्तरात ते दोन निरनिराळ्या खात्यांकडे गेलेले आढळतात. शिक्षण एका खात्याकडे गेले, आरोग्य दुसऱ्याकडे. परंतु गिरणीच्या आत त्यांची फारकत झालेली नव्हती. ज्या वेळेच्या अभावी कामगाराला शिकता येत नव्हते, त्याच वेळेच्या अभावी त्याला विश्रांतीही मिळत नव्हती. आणि काही बाबतींत तर कामाची रीत शिकणे म्हणजेच रोगाची वाट पत्करणे होते. प्रस्तुत निबंधात १८५४ पासून १९८२ पर्यंतच्या घटनांचा या एका दृष्टीने विचार केला आहे.

२

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड-गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील दोन-तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस सूर्यावर अवलंबून असे. उजाडताच यंत्रे चालू होत आणि अंधार पडल्यावर थांबत. त्यामुळे हिवाळ्यात कामाचे तास थोडे कमी व उन्हाळ्यात बरेच अधिक भरत. शेतावरच्या दिवसाचेही मान सूर्यच ठरवीत असे, हे खरे. पण शेतावर दुपारची सावली होती, औत सोडण्याची वेळ होती, पावसाळ्यानंतरचा विसावा होता. गिरणीने सूर्याचे मान तेवढे घेतले आणि विसावा मात्र वगळला. दुपारच्या जेवणासाठी यंत्रे थांबविण्याचा सार्वत्रिक नियम नव्हता. कामगार शेजाऱ्याला यंत्रावर लक्ष ठेवावयास सांगून, सुताच्या धुळीतच आपली भाकरी खात असे.

मुंबई सरकारने १८७५ साली नेमलेल्या चौकशी-मंडळापासून कायद्याची चर्चा सुरू झाली आणि १८८१ साली पहिला कारखाना-कायदा झाला. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांपुरते मर्यादित केले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी मात्र तो कायदा मूक होता.

या मौनाला पहिले संघटित उत्तर नारायण मेघाजी लोखंडे यांनी दिले. ठाणे येथे १८४८ साली जन्मलेले लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. काही काळ नोकरी केल्यानंतर त्यांनी गिरणीत भांडारपालाचे काम केले, आणि १८८० पासून 'दीनबंधु' हे पत्र मुंबईहून चालविले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जोतीरावांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी श्रमकरी लोकांसाठी रात्रीची शाळा चालविली होती. दिवसा कष्ट करणाऱ्याने रात्री शिकावे, ही कल्पना म्हणूनच लोखंडे यांच्या परंपरेत पूर्वीपासून होती. परंतु पुण्यातील शेतकरी वा कारागीर संध्याकाळी हातपाय धुऊन शाळेत येऊ शकत होता. मुंबईच्या गिरणी-कामगाराला ती संध्याकाळच नव्हती. शाळा उघडण्यापूर्वी संध्याकाळ मिळविणे प्राप्त होते.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज चौकशी-मंडळापुढे ठेवला. त्यातील मागण्या पाहण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे. पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत आणि पाचवी शरीराची आहे. पगार वाढवावा अशी मागणी त्यांत नाही. मुंबईच्या कामगारांनी एकत्र येऊन प्रथम जे मागितले ते अधिक पैसे नव्हते, हे या अर्जावरून स्पष्ट होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील मैदानात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे ही सुटी केवळ सरकारी पद्धतीचे अनुकरण न वाटता कामगारांना आपली वाटली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला व दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीला कायद्याचे बळ दिले, स्त्रियांचे काम अकरा तासांपुरते मर्यादित केले आणि मुलांच्या वयाची खालची मर्यादा नऊ वर्षांवर आणली. लोखंडे यांचा अंत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत झाला. कामगारांच्या आरोग्यासाठी झटलेला हा कार्यकर्ता त्यांच्याच वस्त्यांवर कोसळलेल्या रोगास बळी पडला.

३

मिळालेली संध्याकाळ फार दिवस टिकली नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. कापडाला मागणी होती. यंत्रे चौदा-पंधरा तासही चालू लागली. त्याच वर्षी कामगारांनी या वाढीव तासांविरुद्ध निदर्शने केली. १९०७-०८ च्या कारखाना-मजूर आयोगापुढे मालकपक्षाकडून पुन्हा पुन्हा असे प्रतिपादन झाले की, हिंदी कामगार अखंड काम करीतच नाही. तो आवारात हिंडतो, विडी ओढतो, वेळ घालवितो, आणि म्हणून तासांच्या आकड्यावरून त्याच्या श्रमाचे मोजमाप करू नये.

या युक्तिवादाचा जरा निराळ्या बाजूने विचार केला पाहिजे. कामगार आवारात रेंगाळत होता, हे खरे धरले तरी त्याचा अर्थ काय होतो? कायद्याने जो विसावा दिला नव्हता तो कामगार चोरून घेत होता. धूळ, उष्मा आणि सूत तुटू नये म्हणून सोडलेली वाफ यांतून बाहेर येऊन मोकळी हवा घेण्याची त्याची ती रीत होती. ज्याला मालक आळस म्हणत होते ती कामगाराची आरोग्यरक्षणाची एकमेव सोय होती. आयोगाचे एक सभासद डॉ. टी. एम. नायर यांनी बहुमतापासून वेगळे होऊन प्रौढ पुरुषांच्याही तासांवर कायद्याने प्रत्यक्ष मर्यादा घालावी असे मत नोंदविले. १९११ च्या कायद्याने कापड-गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२ साली ती दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास झाली; १९३४ साली दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तास झाली; आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर आली. १९४८ च्या कायद्याने हीच मर्यादा कायम करून वायुवीजन, पिण्याचे पाणी, उपाहारगृह, पाळणाघर इत्यादींविषयी सविस्तर तरतुदी केल्या.

तास उतरत गेले तसतशी बाहेरच्या शिक्षणाची शक्यता वाढत गेली. मार्च १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने कामगार-वस्त्यांत रात्रशाळा, मोफत वाचनालये, फिरती ग्रंथालये, दवाखाने व सहकारी पतपेढ्या चालविल्या. शाळा आणि दवाखाना यांचा एकाच संस्थेने एकाच वस्तीत संसार मांडावा, हे योगायोगाने घडलेले नाही. रात्री आठ वाजता बाकावर बसलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला मुख्य अडचण अक्षरांची नव्हती, थकव्याची होती. डोळा लागलेल्या माणसाला शिकविता येत नाही, आणि भाडे व व्याज यांच्या चिंतेत असलेला माणूस शाळेत टिकत नाही, हे ज्यांनी वस्तीत काम केले त्यांना ओळखता आले. जोशी पुढे १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत होते आणि १९२९ ते १९३१ च्या शाही मजूर-आयोगाचे सभासदही होते. रात्रशाळेपासून कामाच्या तासांच्या कायद्यापर्यंत त्यांचा जो प्रवास झाला त्यामागे हाच अनुभव होता.

कामगारांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्थाही विसरता येत नाहीत. लालबाग, परळ, डिलाइल रोड या भागांत एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली असे. पाळ्या निरनिराळ्या असल्याने एकाच अंथरुणाच्या जागेवर दिवसा एक व रात्री दुसरा झोपे. त्यांच्या जेवणाची सोय खानावळ चालविणाऱ्या बायांकडे असे. तालमी, लेझीम, भजनी मंडळे, दशावतार आणि तमाशा यांनी हा समाज बांधून ठेवला होता. यांना करमणूक म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. पत्र वाचून दाखविणारा, अर्ज लिहून देणारा, नवख्याला गिरणीची रीत समजावून सांगणारा मनुष्य याच मंडळांत भेटत असे.

४

येथवर विचार गिरणीबाहेरच्या वेळेचा झाला. परंतु कामगाराचे खरे शिक्षण गिरणीच्या आत होत होते, आणि तेथे कोणतीही शाळा नव्हती.

१८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये वस्त्रविद्येचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. ते इंग्रजीतून होते, आणि त्यातून गिरण्यांना देखरेख करणारे अधिकारी मिळाले. साच्यावर उभा राहणारा विणकर त्या इमारतीत पोहोचत नव्हता. तो शिकला तो नातलगाच्या वा गाववाल्याच्या पाठीशी उभा राहून. नवा मुलगा कोकणातून वा साताऱ्याहून येई, काकाच्या किंवा मामाच्या साच्याजवळ थांबे, तुटलेले सूत जोडावयास शिके, कांडी बदलावयास शिके, आणि मग बदली म्हणून रोज सकाळी दरवाजाशी उभा राही. काम मिळणे न मिळणे जॉबरच्या हाती असे, आणि ती मर्जी पुष्कळदा पैसे देऊन राखावी लागे. हे शिक्षण विनामूल्य दिसले तरी त्याचे शुल्क होते. ते दस्तुरीच्या रूपाने, बिनपगारी दिवसांच्या रूपाने आणि नात्याच्या उपकारांच्या रूपाने वसूल होत असे.

या शिक्षणात नात्यागोत्याचे बळ जसे होते, तसाच त्यातला जातीचा अडसरही होता. धोट्याच्या प्रसंगाइतका तो स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसत नाही. साच्यावरील धोट्यात नवी कांडी घातली की तिचे सूत धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागे. त्याची जलद रीत म्हणजे छिद्राला ओठ लावून श्वासाने सूत ओढणे. एका धोट्याला अनेक कामगारांचे तोंड लागे. सुताबरोबर खळीचा अंश व कापसाची धूळ तोंडात आणि छातीत जाई. लँकेशायरमध्येही हीच रीत होती, आणि तेथून यंत्रांबरोबर ती मुंबईस आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने सूत ओढावयाच्या धोट्यांना कायद्याने बंदी केली. मुंबईत याच वर्षी कारखाना-कायदा झाला तरी त्यात या रीतीचा विचार नव्हता.

मुंबईत या रीतीचा परिणाम आरोग्यापुरता राहिला नाही. ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे असे. आणि या कारणाने विणाई खात्याचे दार दलित कामगारांना बंद राहिले. त्यांना मुख्यतः कताईच्या खात्यात काम मिळे. विणाईचे वेतन कताईपेक्षा अधिक होते. म्हणजे एका अनारोग्यकारक रीतीचे निमित्त करून एका समाजाला अधिक कसबाच्या व अधिक वेतनाच्या कामाचे शिक्षण नाकारले गेले. साच्याजवळ उभे राहावयाची मुभा नाही, म्हणून शिकता येत नाही. आणि शिकलेला नाही, म्हणून साच्यावर घेता येत नाही, असे हे चक्र होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणाई खाते सर्वांना खुले करावे ही मागणी पुढे आणली. कामगार-एकजुटीच्या भाषेत बोलणाऱ्या चळवळीला आपल्याच खात्यातील बंद दार दाखवून देण्याचे ते काम होते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सूत हाताने ओढता येईल असे धोटे अशक्य नव्हते. तशा सुधारणा अन्यत्र झाल्या होत्या. आरोग्याच्या दृष्टीने रीत बदलली असती तर बहिष्काराचे निमित्तही नाहीसे झाले असते. ती बदलावी असा निकड लागलेला आग्रह दीर्घकाळ कोणाकडून झाला नाही. मालकाला जुने धोटे चालत होते, आणि सवर्ण विणकराला स्वतःच्या छातीपेक्षा आपल्या खात्याची मर्यादा अधिक महत्त्वाची वाटत होती. दोघांच्या सोयीची किंमत सर्वच विणकरांनी आपल्या आरोग्याने भरली.

५

छातीचा प्रश्न धोट्यापुरता नव्हता. कापूस झोडपून साफ करण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत धूळ सर्वांत अधिक असे. या धुळीने होणाऱ्या विकारास वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. आरंभी त्याचे एक विशिष्ट लक्षण असते: साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, श्वास अडतो, आठवडा सरू लागला की त्रास कमी होतो. पुढे तो रोजचाच होतो, आणि अखेर काम सोडल्यावरही सुटत नाही. रविवारची जी सुटी लोखंडे यांनी मिळविली, तिच्या दुसऱ्या दिवशीच हा रोग आपली ओळख देत होता. पण सोमवारची ही कुरकुर आळसाची किंवा आदल्या दिवशीच्या मद्यपानाची खूण समजली जाणे सोपे होते.

इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात या रोगाचे पद्धतशीर संशोधन केले. १९२३ च्या भारतीय नुकसानभरपाई-कायद्यात काही व्यवसायजन्य रोगांचा समावेश होता, परंतु कापसाच्या धुळीचा हा विकार त्यांत नव्हता. हात तुटला तर भरपाईचा प्रश्न उद्भवत असे. श्वास तुटला तर उद्भवत नसे. मुंबईच्या गिरणी-कामगारांतील बिसिनोसिसचा दीर्घ अभ्यास डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी पहिली गिरणी सुरू होऊन सव्वाशे वर्षे होत आली होती.

एवढा काळ हा रोग अदृश्य राहिला याचे एक मोठे कारण गाव हे होते. कामगार खोकू लागला, अशक्त झाला की तो हवापालटासाठी गावी जाई. बरा झाला तर परत येई. न झाला तर त्याच्या जागी भाऊ वा मुलगा येई. आजाऱ्याचा भार गावच्या शेतीने व घरातील स्त्रियांनी उचलला, आणि मृत्यूची नोंद गावी झाली. गिरणीच्या हजेरीपटात तो केवळ गैरहजर होता. शाही मजूर-आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचा गावाशी असलेला संबंध टिकवावा असे मत दिले. कामगाराच्या दृष्टीने ते हिताचेच होते. परंतु त्याच संबंधामुळे गिरणीत निर्माण झालेला रोग गिरणीच्या हिशेबाबाहेर राहिला, हीही त्याची दुसरी बाजू आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर होता. रिळे व नळ्या भरण्याच्या खात्यांत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलांना घरी अफूची बाळगोळी देऊन निजवीत, असे १९२० नंतर लवकरच झालेल्या पाहणीत आढळले. आईला वेळ नव्हता, म्हणून मुलाला झोप द्यावी लागली. मुंबई इलाख्याचा १९२९ चा प्रसूति-लाभ कायदा आणि १९४८ च्या कायद्यातील पाळणाघराची तरतूद ही या अनुभवाची उशिरा मिळालेली उत्तरे होत.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानुसार आलेली कर्मचारी राज्य विमा योजना १९५४ साली मुंबईत लागू झाली. आजारपणाचा भार प्रथमच गावाकडून विम्याकडे वळला. १९५८ साली केंद्रीय कामगार-शिक्षण मंडळ स्थापन होऊन त्याचे मुख्य कार्यालय नागपूर येथे झाले, आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. शिक्षण आणि आरोग्य या दोहोंना अखेर शासकीय मान्यता मिळाली. परंतु ती दोन वेगळ्या खात्यांतून मिळाली.

६

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर बहुसंख्य गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या वेळी या दीर्घ इतिहासाचे फलित उघड झाले. वीस-पंचवीस वर्षे साचा चालविलेल्या विणकराजवळ आपल्या कसबाचे प्रमाणपत्र नव्हते, कारण तो शाळेत शिकला नव्हता. मामाच्या साच्याजवळ शिकला होता. त्याच्या छातीच्या विकाराचाही पुष्कळदा दाखला नव्हता, कारण तो आजारी पडला तेव्हा गावी गेला होता. जे शिकला आणि ज्याने आजारी पडला, ती दोन्ही गिरणीचीच देणगी. आणि दोहोंची गिरणीत नोंद नाही.

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. कामाच्या तासांवरील कायद्यांनी कामगाराला गिरणीबाहेरची वेळ मिळवून दिली, आणि तिच्या आधारे रात्रशाळा, वाचनालये व तालमी उभ्या राहिल्या; हे यश मोठे आहे आणि त्याचा आरंभ कामगारांच्या स्वतःच्या मागणीत आहे. परंतु गिरणीच्या आत शिक्षण कोण देतो, कोणाला देतो आणि शिकताना शरीरात काय जाते, या प्रश्नांना त्या कायद्यांनी फारसा हात घातला नाही. धोट्याचे उदाहरण असे दाखविते की, काम शिकण्याचा अधिकार व काम करताना निरोगी राहण्याचा अधिकार हे एकाच ठिकाणी नाकारले गेले होते, आणि म्हणून ते एकत्रच मागणे आवश्यक होते.

या दिशेने पुढील संशोधनास बराच वाव आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींचा संग्रह २००४ साली प्रसिद्ध करून मौखिक साधनांचे मोल दाखवून दिले. तथापि मुंबईबाहेर, कामगारांच्या मूळ गावांत, आजारपणामुळे परतलेल्या माणसांच्या आठवणी अजून त्यांच्या मुलासुनांच्या तोंडी आहेत. ती पिढीही आता वृद्ध होत आहे. गिरणीच्या हजेरीपटात जो केवळ गैरहजर म्हणून उरला, त्याचा इतिहास रत्नागिरी, सिंधुदुर्ग व सातारा जिल्ह्यांतील घराघरांत शोधावा लागेल, आणि ते काम लवकर हाती घेणे इष्ट होय.